पानातला शेवटचा मोदक: आवडत्या लेखकाची एक कादंबरी न वाचता ठेवावी का?

स्लो लोकल

घरात काल रात्री यावरून पुन्हा वाजलं, म्हणून इथे विचारतो.

माझ्या कपाटात श्री. ना. पेंडशांची ‘लव्हाळी’ आहे. २००६ साली माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर ४० रुपयांना घेतलेली. अजून वाचलेली नाही. वेळ मिळाला नाही असं नाही, मुद्दामच वाचलेली नाही.

पेंडसे म्हणजे माझा माणूस. नववीच्या मे महिन्याच्या सुट्टीत ‘गारंबीचा बापू’ हाती लागला आणि ती सुट्टी त्यातच गेली. मग ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘हत्या’, ‘रथचक्र’. नोकरी लागल्यावर ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड मुलुंड ते व्हीटी गाडीत वाचले. समोर आलेली फास्ट सोडून स्लो पकडायचो. फास्टमध्ये घाटकोपर आलं की पुस्तक छातीशी धरून उभं राहावं लागतं, पान उलटायला हात सुटत नाही. त्या दोन महिन्यांत जेवढे लेटमार्क लागले ते सगळे खोतांच्या नावावर.

२००७ च्या मार्चमध्ये पेंडसे गेले. ९४ वर्षांचे होते, म्हणजे अकाली म्हणायची सोय नाही. पण पेपरात बातमी वाचली आणि पहिला विचार आला तो कपाटातल्या त्या पुस्तकाचा. हाताशी होती ती सगळी वाचून झालेली, ही एक उरलेली. हिला आता हात लावायचा नाही.

तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की ती डायरीच्या रूपात लिहिलीय, आणि कोकणातली नाही, मुंबईतली आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. हा माणूस नोकरीला बेस्टमध्ये, आयुष्य काढलं मुंबईत आणि लिहीत राहिला दापोलीकडच्या गावांवर. मग मुंबईवर लिहायला बसला तेव्हा त्याला काय दिसलं असेल? हे कुतूहल मला संपवायचं नाहीये.

पानातला एक मोदक शेवटी खायला बाजूला ठेवणारी माणसं असतात ना, त्यातला मी. बायको म्हणते, तुझ्या कपाटात पुस्तक नाही, एफडी आहे, आणि तिच्यावर व्याजही नाही. शेजारी गौरी देशपांड्यांची ‘उत्खनन’ आणि मर्ढेकरांची ‘पाणी’ याच कारणानं बसल्यात, हे तिला अजून कळलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी असं करतं का? की मलाच डॉक्टर गाठायला हवा?

पाऊण चहा

+१. डॉक्टर नको. मी तर आवडतं पुस्तक सुरू केलं तरी पुरवून पुरवून वाचतो. दिवसाला दोन पानं. संपलं की घरातलं माणूस गावाला गेल्यासारखं वाटतं.

तिखटमीठ

दादा, याला वाचन म्हणत नाहीत, साठेबाजी म्हणतात.

आणि आता कोणीतरी येऊन ढीग लावण्याला जपानी भाषेत किती गोड शब्द आहे ते सांगेल. कृपा करा, नका सांगू. आपल्याकडे ‘धूळ’ हा शब्द आहे, तो पुरतो.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ वाचून मी त्यांची भक्त झाले. २०१४ मध्ये ‘उद्या’ आली, लगेच घेतली, आणि तुमच्यासारखीच ठेवली. नीट वेळ काढून वाचू, सलग वाचू, उद्या वाचू. ‘उद्या’ उद्या वाचू, हा विनोद मी घरात दहादा केला असेल. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला तेव्हा कपाटातून काढली, पुसली, परत ठेवली. २०२२ च्या जुलैत ते गेले तेव्हा एकदाची उघडली.

आता गंमत बघा. ती जवळच्या भविष्यकाळातली कादंबरी आहे. माणसांवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था, कंपन्यांच्या हातात गेलेला समाज. २०१४ मध्ये वाचली असती तर अंगावर काटा आला असता. मी वाचली तेव्हा माझ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन पाहुण्यांचा फोटो काढून ॲपवर टाकत होता. पुस्तक तसंच होतं, काळ पुढे जाऊन बसला होता. लेखकानं मला आधी सांगून ठेवलं होतं आणि मी आठ वर्षं पाकीटच फोडलं नाही.

दुसरं, वाचणाराही शिळा होतो. ‘कोसला’ मी ३८ व्या वर्षी वाचली. लोक १९ व्या वर्षी वाचतात आणि वर्षभर पांडुरंग सांगवीकरासारखं बोलत फिरतात. माझ्या डोक्यात होमलोनचा हप्ता, मुलीची ॲडमिशन. मला सारखं वाटत होतं, अरे बाबा, बापाच्या पैशांवर शिकतोयस, परीक्षेला बस की! त्याची धाकटी बहीण मनी जाते तिथे मात्र मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तेवढं वयानं नेलं नाही. बाकीचं नेलं.

तुमच्या मोदकावरचं तूप केव्हाच थिजलंय.

खटाववाडी

तिखटमीठ, आपलं वय ३८ च्या पुढे, एवढं कळलं. माझं ७६. म्हणून जरा सावकाश लिहितो.

मी गिरगावात ३४ वर्षं मुद्रितं तपासली. पोटासाठी वाचणाऱ्याला निवड नसते, आणि तो वाचतो तेही उलट्या क्रमानं. आधी ऱ्हस्व-दीर्घ, मग शब्द, आणि अर्थाला जागा उरलीच तर अर्थ. कादंबरी आमच्या टेबलावर गॅलीच्या लांबलचक पट्ट्यांत यायची. कधी सातवं प्रकरण आधी, पहिलं दोन आठवड्यांनी. कोण मरणार ते आधी कळायचं, तो जन्माला नंतर यायचा. त्यामुळे ज्या दोन-तीन लेखकांवर माझा जीव होता त्यांचं काम आलं की मी ते शेजारच्या टेबलावर सरकवायचो. शेजारी बिचारा समजायचा मी आळशी आहे. त्याच्या बदल्यात त्याच्या वाटणीची गाइडं आणि दिवाळी अंकातली राशिभविष्यं मी तपासली. वर्षानुवर्षं. ती पुस्तकं छापून, बांधून बाजारात आली की रोख पैसे देऊन विकत घ्यायचो आणि सवडीनं, वाचकासारखी वाचायचो.

तेव्हा राखून ठेवणं म्हणजे काय ते मला विचारा.

आणि हिशेबही पाहा. मर्ढेकर गेले तेव्हा ४६ वर्षांचे होते. खानोलकरही ४६ च. मर्ढेकरांच्या कादंबऱ्या तीन: ‘रात्रीचा दिवस’, ‘तांबडी माती’, ‘पाणी’. तीन म्हणजे तीन. तिसरी वाचली की खातं बंद. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची, एका बैठकीत संपते. बोटीचा प्रवास संपून मुंबई येते आणि आपण काठावर. रेशनवर साखर मिळायची तेव्हा आई दर महिन्याला दोन मुठी सणासाठी वेगळ्या डब्यात काढायची. तिला कोणी साठेबाज म्हणालं नाही.

तिखटमीठ

काका, टेबलाची गोष्ट ऐकून दंडवत. पण तुम्ही स्वतःच लिहिलंत, विकत घ्यायचो आणि वाचायचो. वाचायचात! आईनंही ती साखर सणाला काढली ना? मग या दादांचा सण कुठला ते विचारा त्यांना. कालनिर्णयात तारीख दाखवू दे.

स्लो लोकल

निवृत्तीनंतर वाचायची असं ठरवलंय. अजून नऊ वर्षं आहेत.

तिखटमीठ

निवृत्तीनंतर माणसं बागेतल्या बाकावर बसून फोनवर गुडघेदुखीचे व्हिडिओ बघतात. आमच्या सोसायटीत आठ नमुने आहेत, येऊन बघा.

रद्दीतला राजा

तुम्हा सगळ्यांचं भांडण पोट भरलेल्यांचं आहे. राखून ठेवायला आधी पुस्तक हातात लागतं.

मी भाऊ पाध्येवाला. ‘वासूनाका’ मिळाली, ‘राडा’ मिळाली, ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’ एका मित्राकडून आणली ती परत करायची राहिली (तो इथे असेल तर क्षमस्व). ‘वैतागवाडी’ मात्र मिळेना. मुंबईत राहायला जागा शोधत वणवण करणाऱ्या माणसाची कादंबरी, आणि ती शोधत मी ११ वर्षं वणवण केली. त्या ११ वर्षांत मी स्वतः भाड्याच्या पाच खोल्या बदलल्या. फाउंटनचा फुटपाथ, किंग्ज सर्कल, दादरला पुलाखाली, रद्दीची दुकानं. दुकानदार म्हणायचे, आत्ताच होती, गेली. ती नेहमी आत्ताच गेलेली असायची. शेवटी लालबागला एका रद्दीवाल्याकडे वजनकाट्यावर पडलेली दिसली, वर कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का. तिथेच उभ्यानं वीस पानं वाचली. रद्दीवाला म्हणाला, घ्यायची तर घ्या, गिऱ्हाइकाच्या अंगावर सावली पडतेय.

दुसरी गोष्ट. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आकडा सगळ्यांना पाठ आहे. मी कालिन्याला तळमजल्यावर. मी अडकलो होतो ऑफिसात, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. पाणी ओसरलं होतं, भिंतीवर छातीइतक्या उंचीला काळी रेघ. माझी पुस्तकं दोन ठिकाणी असायची. वाचलेली वर फळीवर, शोभेला, आल्यागेल्याला दिसावीत म्हणून. न वाचलेली खाटेखाली, दोन ट्रंकांत, ‘निवांत वाचू’ म्हणून. सगळं वाचलेलं वाचलं. न वाचलेलं गेलं. पुस्तकं फुगून पाव झाली होती, पानाला पान चिकटलेलं, उचलायला गेलं की मधून लगदा सुटायचा आणि हातात नुसतं कव्हर. दोन दिवस ती गच्चीवर पसरून ठेवली. वास महिनाभर गेला नाही. त्या ट्रंकांत अरुण साधूंची ‘शोधयात्रा’ होती, दळवींच्या तीन होत्या, बाकीच्यांची नावंही आठवत नाहीत. वाचलेल्या पुस्तकाचं काहीतरी डोक्यात उरतं. न वाचलेलं भिजलं की ते कधी होतं याचीही खूण राहत नाही.

त्यानंतर नवीन पुस्तक आणलं की रात्री जागून संपवतो. बायको याला रोग म्हणते. असू दे.

मावशीबोली

राजाभाऊ, वाचून पोटात कालवलं.

आमच्याकडे पाणी आलं नाही, तरी गेलंच. आईची लग्नातली पैठणी माझ्याकडे होती. ठेवणीतली. आईनं देताना बजावलं होतं, वर्षातून एकदा काढ, सावलीत पसर आणि घडी बदलून ठेव. मी पहिली दोन वर्षं केलं. मग सासूबाईंचं आजारपण, मुलं, बोरिवलीचं घर. पुतण्याच्या लग्नाला दादरच्या हॉलवर नेसायची म्हणून २२ वर्षांनी काढली. पदर उलगडला आणि घडीवर चर्र झालं. आवाज अजून कानात आहे. मोर मधोमध दोन. कुणी नेसली नाही, कुणी ओढली नाही, नुसत्या घडीच्या जागी रेशीम विरलं होतं.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी कपाटातली ‘उत्खनन’ काढली. हो, तीच, जी या धागाकर्त्यांकडेही बसलीय. २००२ ची. २००३ च्या मार्चमध्ये गौरी गेली आणि मीही ठरवलं होतं की ही शेवटची, ही ठेवायची. (गौरी म्हणते कारण तिला अहोजाहो करणं मला जमलेलंच नाही.) तिची ‘मध्य लटपटीत’ मी २४ व्या वर्षी वाचली तेव्हा कळली नव्हती. वाटलं होतं, एवढं सगळं असून ही बाई इतकी का कुरकुरते? ४१ व्या वर्षी पुन्हा वाचली आणि आमच्या स्वैपाकघराच्या ओट्याशी उभी राहून पुरी केली, भाजी लागली खाली. त्यामुळे तिखटमीठचं ते वयाचं गणित मला अर्धंच पटतं. काही पुस्तकं लवकर वाचली तरी फुकट जातात. पण मग ती पुन्हा वाचता येतात, आणि पुन्हा वाचायला एकदा वाचावी लागतात.

असो. ‘उत्खनन’ आठवड्यात संपवली. आणि खरं सांगते, मला ती तितकीशी आवडली नाही. थोडी हळहळले, मग हायसं वाटलं. आणखी २० वर्षं देव्हाऱ्यात ठेवून मग आवडली नसती तर?

तीनदा सोडलं

शेवटी कोणीतरी मुद्द्यावर आलं.

माझं म्हणणं दोघांच्याही विरुद्ध आहे. राखूही नका, वाचूही नका. कुठल्याही लेखकाची दोन पुस्तकं जीव ओतून लिहिलेली असतात, बाकी प्रकाशकाचा तगादा, दिवाळी अंकाची तारीख आणि सवय. एकदा बापू आणि राधा भेटले १९५२ मध्ये, झालं की! पुढे ‘गारंबीची राधा’ आली, मी शपथेवर हात लावला नाही. माझी राधा मला पुरते. ‘आवडता लेखक’ म्हणजे आवडतं घराणं असल्यासारखं सगळ्या भावंडांना जेवायला बोलवायची गरज नाही.

स्लो लोकल, एक विचारतो, खरं सांगा. ती कादंबरी संपेल याची भीती आहे की ती साधारण निघेल याची?

खटाववाडी

हे अती होतंय. तगाद्यानं लिहिलेल्या उत्तम कादंबऱ्या मी तपासल्या आहेत, आणि दहा-दहा वर्षं जीव ओतलेल्या भिकारही. कारागिराला हातासरशी जमतं ते चिंतनाला जमतंच असं नाही.

जिन्याखाली

जिवंत लेखकांचं काय? तिथे राखून कोण ठेवतं, वाचकच राखीव होतो.

आमचे बाबा नेमाड्यांचे. चांगदेव पाटलाची ‘झूल’ १९७९ ची. त्यानंतर ‘हिंदू’ येणार, येणार, येणार. आली २०१०. मी शाळेत गेलो, कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, आणि बाबा अजून ‘आली का रे?’ विचारत होते. ३१ वर्षं. दादरला जाऊन पहिल्याच आठवड्यात आणली. सहाशे पानं. तोवर बाबांच्या एका डोळ्याला काचबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. मग रविवारी सकाळी मी मोठ्यानं वाचायचो, ते पलंगावर पडून ऐकायचे. तिसऱ्या रविवारी मला थांबवून म्हणाले, ‘चांगदेव कुठंय?’ म्हटलं, बाबा, यात चांगदेव पाटील नाही, खंडेराव आहे. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘एवढी वर्षं मी त्याची वाट बघत होतो. ठीक आहे, वाच पुढं.’

वाचली. सगळी. चौदा महिने लागले. मधे ते दोनदा माझ्यावर चिडले की मी वऱ्हाडी-खानदेशी सगळं एकाच सुरात वाचतो, मुंबईच्या पोरांना कान नसतो. बरोबर होतं त्यांचं.

स्लो लोकल

तीनदा सोडलं, तुमचा प्रश्न रात्रभर घेऊन झोपलो. झोपलो कसला.

‘ऑक्टोपस’ मी वाचली होती. माझ्याशी ती जमली नाही. दोष तिचा असेल असं नाही, मला पेंडशांकडून खाडी, चढण आणि भांडकुदळ म्हातारे हवे होते आणि ते मिळाले नाहीत. पुस्तक मिटलं तेव्हा जे वाटलं ते आवडत्या काकांना प्रथमच कुणाची तरी मिनतवारी करताना पाहिल्यावर वाटतं तसं होतं. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी ‘लव्हाळी’ घेतली. तेव्हा हो, भीतीच आहे. मोदक वगैरे मी नंतर लावलं.

पण भीती आहे म्हणून लगेच वाचायला पाहिजे, असं का? काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या, असं म्हणणाऱ्याला तुम्ही भित्राच म्हणणार का?

तिखटमीठ

हो.

मावशीबोली

तिखटमीठ, जरा हळू गं. माणूस कबूल करतोय एवढं.

ग्रंथपाल, परळ

धागा कालपासून वाचतोय. आता राहवत नाही.

मी परळला एका ‘क’ वर्ग वाचनालयात आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं आम्हाला अनुदान मिळतं, आणि त्यात काय काय भागतं ते विचारू नका. आमच्याकडे पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तुम्ही पुस्तकाची पहिली पानं वाचता, मी शेवटची चिठ्ठी वाचतो. खानोलकरांची ‘अजगर’ घ्या. गिरण्या चालू होत्या तोवर चिठ्ठी महिन्याला भरायची, चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, बोटभर जाड. मग तारखांत अंतर पडत जातं. मग १९९८. मग कोरी जागा. पुस्तक राखून ठेवलंय असं आम्ही म्हणत नाही. पडून आहे म्हणतो.

आणि राखून ठेवणाऱ्यांचा त्रास आम्हाला वेगळाच होतो. आमच्या एका सभासदानं एक जुनी कादंबरी सात महिने परत केलेली नाही. तीन पत्रं पाठवली. फोन केला तर म्हणतो, ‘काका, पुरवून वाचतोय, फार आवडलीय.’ अरे, तुला आवडलीय म्हणून दुसऱ्यानं वाचायचीच नाही का?

स्लो लोकल, तुम्हाला एक कामाचं सांगतो. वाचायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण २००६ पासून पुस्तक उघडलं नसेल तर आजच काढा. जुन्या प्रतींची शिलाई दोऱ्याची, आणि पुठ्ठ्याला खळ लावलेली. मुंबईची हवा दमट. खळीला कसर लागते, दोरा कुजतो. वरून पुस्तक ठणठणीत दिसतं, आतून एकेक फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटलेला असतो. कणा हातानं दाबून पाहा, करकरला तर ठीक, मऊ लागला तर गेलं. डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर त्यानं झुरळं जातात, ओल जात नाही.

स्लो लोकल

ग्रंथपाल साहेब, आत्ता काढलं. कणा मऊ.

आत जे झालंय ते सांगतो. पान ९६ नंतर थेट ११३ आहे. अख्खा फर्मा गायब, सोळा पानं. दोऱ्याची दोन टोकं नुसती लोंबताहेत. २०१४ मध्ये आम्ही घर बदललं तेव्हा टेंपोत निसटला असेल, किंवा मी घेतलं तेव्हाच नसेल. ४० रुपयांत मी पानं मोजून घेतली नव्हती. ज्याला इतकी वर्षं जपतोय ते पुस्तक मुळात पुरं आहे की नाही, हे मी एकदाही बघितलं नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती शेजारच्या खोलीत आहे आणि फार शांत आहे, म्हणजे हा धागा वाचत असणार.

एक झालं. फर्मा बघताना ९६ व्या पानाचा शेवट वाचला गेला. वाक्य अर्ध्यावर तुटलंय. ११३ वर भलतंच काही चाललंय. मी मगाशी मागे जाऊन ९५ वाचलं, मग ९४. असं करत ८१ पर्यंत उलटा गेलोय.

तिखटमीठ

उलटा! काका, बघा, तुमच्या गॅलीवाल्यांत भरती.

खटाववाडी

स्लो लोकल, मुद्रितशोधकाचा सल्ला ऐका. थांबा, आणि पहिल्या पानापासून या. उलटं वाचण्याचे पैसे मिळत असतील तरच वाचावं.

स्लो लोकल

पण मधली सोळा पानं कुठून आणू? ग्रंथपाल साहेब, तुमच्याकडे ‘लव्हाळी’ आहे का हो?

ग्रंथपाल, परळ

आहे. म्हणजे रजिस्टरला आहे. वर सात महिन्यांचं सांगितलं ना, तीच.

पाऊण चहा

काका… ते मीच.

ग्रंथपाल, परळ

मला पहिल्याच प्रतिसादापासून संशय होता. दिवसाला दोन पानं! सात महिन्यांची सव्वाचारशे होतात. हिशेब मला येतो.

पाऊण चहा

शनिवार-रविवार वाचत नाही, काका. आणि गणपतीत दहा दिवस गावाला होतो. स्लो लोकल, ९७ ते ११२ चे फोटो काढून पाठवू का? माझं तिथून पुढे झालंय, मला ती पानं आता लागणार नाहीत.

स्लो लोकल

फोटो नको. पुस्तक सोमवारी परत करा, मी तिथेच बसून वाचतो. ग्रंथपाल साहेब, सोमवारी किती वाजता उघडता?

ग्रंथपाल, परळ

सोमवारी बंद. मंगळवारी साडेचारनंतर या. दोघंही या. एकाकडून दंड घ्यायचाय.